फोटो लहान केला आणि ठिपके गेले

मंडळी, आज दुपारी मी चांगलीच फसले.

आमच्या हळदीच्या पानांवर बारीक ठिपके दिसले. फोटो बघून रोग सांगणाऱ्या पीकसल्ल्याच्या साइटवर मोठा फोटो चढेना. कापून अर्धाच दाखवणं मला खोटेपणाचं वाटलं. अर्धं दाखवणं म्हणजे खोटंच, अशी घरची शिकवण. म्हणून अख्ख्या वाफ्याचा फोटो लहान करून पाठवला. उत्तर आलं, "पीक निरोगी आहे, फवारणी नको."

बाबा मला म्हणाले, "माय, ठिपके काय तुझ्या फोननं खाल्ले?"

पाठवलेला फोटो उघडून पाहिला, तर ठिपके खरंच हिरव्यात विरून गेलेले! मग मूळ फोटोतलं एकच पान कापून पाठवलं. लगेच "हा करपा रोग आहे" असं उत्तर आलं, सोबत औषधाचं नाव.

बाबा फवारायला गेलेत आणि मी अजून दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघतेय. लहान करताना काय ठेवायचं, हे फोन ठरवतो तरी कसं? आणि तुकडाच कधी जास्त खरा असतो का?