क्लच कुणी जाळला

आमच्या घरात एखादी वस्तू बिघडली की ती कुणी बिघडवली याचा शोध आधी लागतो, दुरुस्तीचं नंतर बघतात. सासरे तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, त्यामुळे चौकशीची सवय काही सुटली नव्हती. मिक्सर, नळाची तोटी, टीव्हीचा रिमोट अशा बऱ्याच चौकश्या झाल्या आणि बहुतेकांत गुन्हेगार मीच निघाले. त्यामुळे आमची जुनी डिझेल गाडी एका सकाळी हर्सूलच्या चढावर नुसतीच गुरगुरायला लागली, पुढं सरकेना आणि आत जळका वास भरला, तेव्हा निकाल मला आधीच ठाऊक होता.

"क्लच गेला," नवरा म्हणाला.

"गेला नाय, जाळला," सासरे म्हणाले आणि माझ्याकडं वळून बघितलं.

संशय माझ्यावर येणं साहजिकच होतं. गाडी रोज मीच चालवायचे, शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरीला जायचे. खरी गोष्ट मात्र मला आणि सासूबाईंना, दोघींनाच माहीत होती.

सासूबाईंची थोरली बहीण फर्दापूरला दिलेली. एसटी सासूबाईंना लागायची, फुलंब्री यायच्या आत पिशवी तोंडाला. म्हणजे जायचं तर गाडीनं, आणि गाडीनं म्हणजे कुणीतरी नेईल तेव्हा. "अक्काकडं जाऊन यावं म्हणते," असं त्या म्हणाल्या की सासरे पेपरमधून मान वर न करता म्हणायचे, "पुढच्या रविवारी नेतो." हा पुढचा रविवार माझ्या लग्नाच्याही आधीपासून येत होता. नवरा आपल्या बापाचाच मुलगा, त्याचाही रविवार तसलाच. मी न्यायचं म्हटलं तर "एवढ्या लांब बायकाबायकांनी कशाला?" मधल्या काळात अक्काचे गुडघे गेले, नजरही अंधुक झाली. शेवटी एकदा भाजी आणायला निघालो असताना सासूबाईंनी माझ्या पायांकडं बघत विचारलं, "हे लई अवघड असतंय का गं?"

शिकायला जागा कुठली? शहर असं फुगलेलं की परवापर्यंत जिथं मोकळं माळरान होतं तिथं प्लॉटिंगच्या पाट्या आणि खडीचे ढिगारे. राहता राहिला हर्सूलचा तलाव. दुष्काळानं तो ठणठणीत कोरडा पडला होता. शेतात टाकायला गाळ नेणारे ट्रॅक्टर आत उतरायचे, त्यांच्याच वाटेनं आम्हीही गाडी उतरवली. घरी सांगितलं, दर मंगळवारी हर्सूलच्या देवीला जातो, पावसाचं मागणं मागायला. सासऱ्यांना हे फार आवडलं. खोटंही नव्हतं ते. देवळावरून जाताना आम्ही गाडीतूनच हात जोडायचो. सासूबाईंचं मागणं मला ऐकू यायचं: "आई, पाऊस पाड, पण माझं रिव्हर्स बसू दे आधी."

चपला घालून त्या कधी चालवायच्या नाहीत. दसऱ्याला पूजा केलेल्या गाडीत चपलेनं पाय लावायचा म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. क्लचवरचा पाय मात्र उचलायचा त्यांना धीर होत नसे. शेवटच्या मंगळवारी चाक भुसभुशीत गाळात रुतलं आणि त्या अर्धा क्लच दाबून ॲक्सिलरेटर रेटत राहिल्या. बॉनेटखालून धूर निघाला. लांब शेळ्या राखणारा म्हातारा उठून उभा राहिला. "पाय काढा, आई, पाय काढा!" मी ओरडले. त्यांनी दोन्ही पाय उचलले आणि सीटवर मांडी घातली. गाडी आचका देऊन बंद पडली. मी इतकी हसले की रागवायचं राहूनच गेलं.

क्लच घरीच बदलायचा हा सासऱ्यांचा हुकूम. गॅरेजवाले चांगले पार्ट काढून घेतात, अशी त्यांची श्रद्धा होती. नवरा कॉलेजात गणित शिकवतो. त्यानं मोबाइलवर व्हिडिओ बघितले, कोपऱ्यावरच्या गॅरेजातून जॅक आणि गाडी टेकवायच्या लोखंडी घोड्या मागून आणल्या आणि शनिवारी सकाळी पोर्चमध्ये गाडी वर चढवली. त्याच वेळी गल्लीत पाण्याचा टँकर यायचा होता. ड्रम लावून बसलेल्या सगळ्या गल्लीला आयतीच करमणूक झाली. ज्यांना सायकलची चेन बसवता येत नाही तेही वाकून वाकून सल्ले द्यायला लागले.

सासरे खुर्ची टाकून बसले. मी पाने-पक्कड हातात देत होते. नवरा खाली सरकला, दोन बोल्ट सैल केले आणि त्याच्या तोंडावर मातीची ढेपळं पडली.

"ही काळी माती कुठली?" तो थुंकत म्हणाला. मग त्याच्या कपाळावर टपकन काहीतरी पडलं. त्यानं ते चिमटीत धरून बाहेर काढलं. गोगलगाईचा पांढराशुभ्र शंख.

सासऱ्यांनी चष्मा वर केला. "नळाला थेंब नाय आन् गाडीखाली गोगलगाय?"

सासूबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. कप हलला नाही की बशी वाजली नाही. "टँकरच्या पाण्यातनं पडली असेल," त्या म्हणाल्या.

"मग टँकर काय गाडीखालून गेला व्हय?"

"चहा घ्या, गार होतोय."

दुपारपर्यंत गिअरबॉक्स जॅकवर टेकून खाली आला. तो उतरताना मी आणि नवरा इतक्या मोठ्यानं ओरडलो की टँकरवाल्यानं पाणी बंद केलं. जुनी क्लचप्लेट निघाली तर तिच्यावरचं अस्तर घासून गेलेलं, रिव्हेटी उघड्या पडलेल्या, अंगभर काळेनिळे डाग. सासऱ्यांनी ती उचलून उजेडात धरली आणि सगळ्या गल्लीसमोर निकाल दिला.

"बघा. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवायची, त्याचं हे फळ. सूनबाई, आजपासून चावी माझ्याकडं. तू कंपनीच्या बसनं जा."

मला संताप आला. पण त्याहून जास्त भीती वाटली. बसनं मी गेले असते हो, पण चावी गेली तर फर्दापूर गेलं. सासूबाईंनी फोनवर अक्काला सांगून ठेवलं होतं, "मी येते. कुणी आणत नाय, माझी मी येते." तेव्हा पलीकडून अक्का रडली होती. खरं सांगून टाकावं तर ते गुपित माझं एकटीचं नव्हतं.

"तिला नका बोलू," सासूबाई म्हणाल्या. "क्लच मी जाळला."

मग सासरे हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "सुनेला वाचवायला काहीही बोलायली! अगं, क्लच कुठल्या पायाखाली असतोय ते तरी माहिताय का?"

"डाव्या."

"वा! मग उद्याची ट्रायल तूच घे की. ही घे चावी." त्यांनी खिशातून चावी काढून नाटकी थाटात पुढं धरली. गल्ली हसली. सासूबाईंनी चावी घेतली आणि कमरेला खोचली. नवऱ्याला वाटलं गंमत चालली आहे. मी त्यांचा चेहरा बघितला होता.

खरं काम पुढंच होतं. नवी प्लेट बरोबर मधोमध बसली नाही तर गिअरबॉक्सचा दांडा आत शिरत नाही, आणि ती मधोमध धरायचं हत्यार आमच्याकडं नव्हतं. नवरा घामाघूम होऊन गणितातले शब्द वापरून शिव्या द्यायला लागला. सासूबाई आत गेल्या आणि लाटणं घेऊन आल्या. त्याच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळत गेलो, जाडी जमली आणि प्लेट जागच्या जागी बसली. त्या गाडीशेजारी उकिडव्या बसून सगळं बघत होत्या.

"म्हणजे दाबली की सुटती," त्या हळूच मला म्हणाल्या, "सोडली की धरती. अर्धवट ठेवली की घासत राहती. व्हय ना?"

मी मान डोलावली. इतक्या मंगळवारांत मला हे असं सांगता आलं नव्हतं.

रविवारी सकाळी सासरे बनियनवर पेपर वाचत होते. सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आल्या. हातात शेंगापोळ्यांचा डबा, आणि एक पुठ्ठा, त्यावर लाल टिकल्या चिकटवून केलेला एल. तांदळाच्या डब्यात लपवलेलं शिकाऊ लायसन्स पर्समध्ये आलं होतं. एल काचेला लावून त्यांनी चपला काढल्या आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. मी शेजारी. गाडी सुरू झाली, रिव्हर्स पडला आणि गाडी पोर्चमधून अलगद मागं निघाली. वास नाही, आचका नाही. ड्रम लावायला आलेल्या बायका बाजूला झाल्या.

सासरे पेपर टाकून अनवाणी फाटकापर्यंत धावले. "अगं, कुठं निघालीस?"

"फर्दापूरला."

त्यांनी आधी सासूबाईंकडं बघितलं. मग चावीकडं, मग टिकल्यांच्या एलकडं. "थांब की. मी पण येतो. शर्ट तर घालू दे."

सासूबाईंनी काच खाली केली.

"पुढच्या रविवारी नेते तुम्हाला," त्या म्हणाल्या, आणि क्लचवरचा पाय पूर्ण सोडला.