कुणाची गो तू

आमच्याकडे अनोळखी माणूस दिसला की पहिला प्रश्न ठरलेला: कुणाची गो तू? नाव मागाहून विचारतात. लहानपणी मला या प्रश्नाचा भारी राग यायचा. मी माझी आहे, कुणाची कशाला असेन, असं वाटायचं. कंपनीत लागले तेव्हा कळलं की या प्रश्नाला उत्तर नसलं तर माणूस किती अडकतो.

कंपनी सड्यावर होती. मैलभर कातळ, भोवती तारेचं कुंपण आणि एकच गेट. मला काम मिळालं ते कंत्राटदाराकडून, तेही फोनवर. 'सोमवारी सकाळी गेटवर या, आमचा माणूस येईल,' एवढंच सांगितलं. नेमणुकीचं पत्र मेलवर येणार होतं, ते येतच राहिलं. कंत्राटदाराच्या फर्मचं पूर्ण नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं. त्याचा माणूस आला, आधारची झेरॉक्स घेतली, डोक्याला ढिलं होणारं हेल्मेट दिलं आणि एका खोलीत नेऊन सुरक्षेचा व्हिडिओ दाखवला. आग लागली तर कुठून पळायचं ते त्यात नीट समजावलं होतं. संध्याकाळी घरी कसं जायचं ते नव्हतं.

कायमचं कार्ड तयार होईपर्यंत आम्हाला पाहुण्यांचा पिवळा पास मिळायचा. त्या पासाची गंमत अशी, की सकाळी तो दाखवून आत जाता यायचं, पण बाहेर पडताना ज्याला भेटायला आलात त्याची सही लागायची. आम्ही कुणालाच भेटायला आलो नव्हतो. लॅबमधल्या नमुन्यांच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावायला आलो होतो. पाच वाजता कंत्राटदाराचा माणूस गेटवर उभा राहून सह्या करायचा आणि आम्ही सुटायचो. हे असंच चालणार, असं मी धरून चालले होते.

त्या आठवड्यात माझी जाऊ माहेरी राजापूरला गेली होती. नवरा मुंबईला. पहिलीतल्या लेकीला शाळेची रिक्षा तिठ्यावर सोडते आणि एरवी जाऊ तिला घ्यायला जाते. जाऊ गेली त्या सकाळी मी लेकीला म्हटलं, "आज मी येणार. एसटीच्या शेडमध्ये बस आणि मी आल्याशिवाय हलू नकोस." तिठ्यावरून चिऱ्याचे ट्रक जातात, म्हणून जरा दटावूनच सांगितलं.

पाच वाजता गेटवर आले, तर कंत्राटदाराचा माणूस नाही. बरोबरच्या दोघींची कार्डं आली होती, त्या यंत्राला कार्ड लावून निघून गेल्या. खिडकीतल्या बाईंनी पास उलटासुलटा करून पाहिला. "सही नाही."

"तो आला नाही."

"मग ज्यांच्याकडे काम करता त्यांची आणा."

परत लॅबमध्ये गेले. तिथले साहेब भले होते, पण सही करायला तयार नव्हते. "तुम्ही आमच्या नाही हो, व्हेंडरच्या. कुठला व्हेंडर तुमचा?" मला नाव सांगता येईना. त्यांनी ऑफिसात पाठवलं. ऑफिसातल्या मुलीने संगणकात पाहिलं आणि म्हणाली, "तुमची एंट्रीच नाहीये." मग तिनेच कुणाला तरी फोन लावला. कंत्राटदाराचा माणूस चिपळूणच्या साइटवर गेला होता, उद्या येणार होता. हे मला सांगणं कुणाचंच काम नव्हतं.

मी पुन्हा गेटवर आले. माझा फोन गेटाबाहेरच्या कपाटात होता, आत फोन न्यायला बंदी. बाईंच्या फोनवरून कुणाला कळवावं तर एकट्या नवऱ्याचा नंबर पाठ, आणि तो मुंबईला. तरी लावला. उचलला नाही. गेटाच्या फटीतून रस्ता दिसत होता. रिक्षा येऊन गेली असणार. अशा वेळी रडू येईल असं वाटलं होतं, पण मला संताप आला, आणि तो काढायला समोर माणूस नव्हता. सगळे आपापल्या जागी बरोबर होते.

कपाळावरून घाम पुसत फाटकाचा म्हातारा वॉचमन माझ्याकडे बराच वेळ बघत होता. शेवटी जवळ आला. "कुणाची गो तू?"

मी गाव सांगितलं, वाडी सांगितली, सासऱ्यांचं नाव सांगितलं. लेक तिठ्यावर बसलीय हेही सांगितलं.

"वरच्या वाडीतली? माझी आत्या दिलीय तिथं. आदी नाय सांगायचं?" त्याने माझा पास घेतला, 'कोणाला भेटले' या चौकटीत स्वतःचं नाव लिहिलं आणि सही ठोकली. "जा. पाव्हणी म्हणून आलीस, पाव्हणी म्हणून जा."

तिठ्यावर पोचले तेव्हा अंधारू लागलं होतं. शेडमध्ये लेक दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी रिकामी पाटी घेऊन एक मासे विकणारी बाई.

"तुजी लेक? दोन गाड्या सोडल्या मी हिच्यापायी," बाई म्हणाली. "कुणाची इचारलं तर सगळं सांगितलंन. आईचं नाव, घर, विहीर. म्हटलं, चल घरी सोडतंय. तर उठायला तयार नाय."

लेक म्हणाली, "तू हलू नको म्हणाली होतीस."

तिला जवळ घेताना मला तिच्या शहाणपणाचं कौतुक वाटलं नाही. भीती वाटली. मी तिला असं बांधून घातलं होतं, आणि मला बांधून घालणारं कोण, ते मला सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराचा माणूस गेटवर हजर. काल कामावर नव्हतात म्हणाला, नोंदीत तुम्ही वॉचमनकडे भेटीला आलेल्या आहात. मी म्हटलं, "ते असू दे. आज संध्याकाळी मला बाहेर कोण सोडणार, ते सांग. मग आत जाते."

तो फोनवर बोलत होता. हातानेच थांबा म्हणाला. मागे रांग वाढली होती, खिडकीतल्या बाईंनी पिवळा पास पुढे सरकवला. सकाळी निघताना मी लेकीला सांगितलं होतं, "आज माझी वाट बघू नकोस. कुणी ओळखीचं भेटलं की त्याच्याबरोबर जा."

मी पास घेतला आणि आत गेले.