सुचेताच्या बंदुकीचा पट्टा

सुचेता माने गेली बावीस वर्षं लेस्टरच्या एका हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढते. तिची खोली तळघरात आहे, तिला खिडकी नाही. नोव्हेंबर लागला की ती अंधारात आत शिरते आणि अंधारातच बाहेर पडते. घरी बाबा असतात. मुरलीधर माने, वय चौऱ्याऐंशी. कॉव्हेंट्रीच्या एका कारखान्यात त्यांनी अठ्ठावीस वर्षं फिटरचं काम केलं. आई गेल्यावर सुचेताने त्यांना आपल्या घरी आणलं. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ते सात तासांच्या वर एकटे राहत नाहीत. राहू शकतात, पण राहत नाहीत. तिचा घटस्फोट जुना, मूल नाही. भाऊ टोरोंटोला असतो आणि दर रविवारी फोनवर बाबांची काळजी करतो.

या सात तासांच्या मापात बसेल असं तिला एकच काही सापडलं, ते म्हणजे बदकांची शिकार. हॉस्पिटलातून रिटायर झालेला पोर्टर नेव्हिल तिला एकदा वॉश नावाच्या खाडीच्या खाजणात पक्षी बघायला घेऊन गेला होता. पूर्व किनाऱ्यावरचं मैलोन्‌मैल पसरलेलं चिखल-गवत, वर नुसतं आभाळ. तिथे तिला किती तरी दिवसांनी पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटलं. मग नेव्हिलच्या शिकार-क्लबची मेंबरशिप, बंदुकीसाठी पोलिसांचं सर्टिफिकेट, ती ठेवायला जिन्याखाली भिंतीत बोल्ट मारून बसवलेलं लोखंडी कपाट, सगळं रीतसर झालं. बाबांनी त्या कपाटाबद्दल कधी विचारलं नाही. बदकाचा रस्सा मात्र ते दोनदा वाढून घेत.

खाजणात गाडीपासून पुढे दोन मैल चालावं लागतं. मध्ये भरतीच्या पाण्याचे चर आडवे येतात. एका हातात काठी हवी आणि दुसरा मोकळा हवा, म्हणजे बंदूक खांद्यावर पट्ट्यानेच न्यायला हवी. सुचेताने एका जत्रेतल्या स्टॉलवर पट्टा घेतला. तपकिरी चामडं, बोटभर रुंदी, कडेने नक्षी, पितळी बकल. नेव्हिलने तो हातात घेऊन उलटा केला.

"दिसायला छान आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे दिसायला छान आहे."

तिने तोच वापरला. आपल्यासाठी म्हणून घेतलेली एवढी सुंदर वस्तू तिच्याकडे दुसरी नव्हती.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी बाराला ती निघाली. बाबांची सातची गोळी डबीत काढून ठेवली होती. दोनला ती आणि नेव्हिल खाजणात उतरले. तिच्या मेणकापडी जॅकेटवरून पट्टा सारखा घसरत होता. दर दहा पावलांनी खांदा उचलून तो वर ओढायचा, पुन्हा चालायचं. शेवटी वैतागून तिने पट्टा डोक्यातून घालून छातीवर आडवा घेतला आणि बकल एक भोक घट्ट केलं. रिकामी बंदूक पाठीवर पक्की बसली.

तिसऱ्या चराशी नेव्हिल वरच्या अंगाने पार झाला. सुचेताने जवळची वाट धरली. चौथ्या पावलाला डावा पाय गुडघ्यापर्यंत गेला. तो काढायला उजव्यावर भार दिला, तोही गेला. काठी हातातून सुटून लांब पडली. ती हलली तशी आणखी खाली गेली. चिखल मांडीला लागला तेव्हा ती हलायची थांबली.

"नेव्हिल," तिने हाक मारली. आवाज तिला स्वतःलाच फार साधा वाटला.

तो पलीकडच्या काठावर आला. वीस पावलांवर होता, पण सत्तरीच्या माणसाने त्या चिखलात उतरणं म्हणजे दोघांनी अडकणं. त्याने कोस्टगार्डला फोन लावला. तिकडून कळलं की माणसं निघाली आहेत, पण यायला पाऊण तास लागेल. चराच्या तोंडाशी पाणी चढताना दोघांनाही दिसत होतं.

"पाठीवर आडवी हो," तो म्हणाला. "अंग पसरलं की पाय सुटतात. बंदूक काढ आधी."

तिने बकल चाचपलं. चामडं भिजून फुगलं होतं. बोटं बधिर, हातमोजे ओले. बकल काखेखाली सरकलं होतं, तिथे एकच हात पोचत होता. तिने दातांनी हातमोजा काढला, नखं लावली. पट्टा हलला नाही. बंदूक पाठीवर तशीच ठेवून आडवं व्हायला गेलं, तर दस्ता चिखलात रुतायचा आणि पट्टा गळ्याला आवळायचा. दोनदा तसं झालं.

मग ती तशीच उभी राहिली. सूर्य मावळत होता. नंतर तिने सांगितलं की त्या दहा मिनिटांत तिला भीती वाटली, पण सगळ्यात आधी वाटलं ते वेगळंच होतं. "मला वाटलं, आता कुणी मला काही मागू शकत नाही. आणि त्याचं बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली. मग बाबांची गोळी आठवली."

पाणी चिखलावरून पातळ पसरत तिच्यापर्यंत आलं.

"जॅकेट काढ," नेव्हिल ओरडला. "पट्टा राहू दे. जॅकेटच काढ."

जॅकेट ढगळ होतं. तिने चेन उघडली, पट्ट्याखालून एक बाही सोडवली, मग दुसरी. जॅकेट निघाल्यावर पट्टा सैल पडला आणि डोक्यावरून निघाला. बंदूक तिने बाजूला टाकली, जॅकेट मागे पसरलं आणि त्यावर पाठ टेकली. मान थंड पाण्यात होती. नेव्हिल सांगेल तसा एकेक पाय ती इंच इंच ओढत राहिली. उजवा पाय बुटासकट आला, डावा बूट आतच राहिला. मग पालथी होऊन, कोपरांवर सरपटत, बंदूक पट्ट्याने मागे ओढत ती काठाला लागली. कोस्टगार्डची माणसं आली तेव्हा ती नेव्हिलच्या कोटात बसून कुडकुडत होती.

घरी पोचायला दहा वाजले. बाबा जिन्याच्या पायरीवर बसले होते. गोळी घेतलेली नव्हती.

तिने सगळं सांगितलं. ती इथेच जन्मलेली, तिचं मराठी तसंच. "बंदूक पाठीवर अडकला होता, बाबा."

"अडकली होती," ते सवयीने म्हणाले. मग हात पुढे केला. "पट्टा बघू."

तो ओला पट्टा त्यांनी बोटांत फिरवला, बकल उघडायचा प्रयत्न केला. त्यांनाही जमलं नाही.

"हे कुणी डिझाइन केलं? ओल्या हातांनी सुटत नाही ती वस्तू अंगावर बांधायची नाही."

पुढच्या आठवड्यात तेच बंदुकांच्या दुकानात यायला निघाले, काठी घेऊन. काउंटरवरच्या मुलीने तीन पट्टे मांडले. एकासाठी दस्त्यात भोक पाडून कडी बसवावी लागणार होती, बाबांनी तो बाजूला सारला. दुसरा रबरासारखा ताणणारा. "चालताना बंदूक गचके खाणार." तिसरा जाड कापडी, तीन बोटं रुंद, आतून खरखरीत रबराच्या रेघा. टोकांचे फास नळीवर आणि दस्त्यावर नुसते चढवायचे, आणि मध्ये दाबलं की सुटणारी क्लिप. बाबांनी खिशातून लोकरीचे हातमोजे काढले आणि बाथरूममध्ये जाऊन भिजवून आणले. मग पट्टा स्वतःच्या छातीवर आडवा घेऊन एका हाताने क्लिप सोडवली. दहा वेळा. मुलगी बघत होती.

"हा घे," ते म्हणाले. मग मराठीतच, हळू आवाजात, "जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर तू थांबशील. ते मला माहीत आहे."

"मग तुम्ही एकटे राहाल?"

ते पाण्याने निथळणारे हातमोजे पिळत राहिले.

शनिवारसाठी तिने एक बाई लावली. बाबांना ती पसंत नाही. चहा पांचट करते म्हणतात, आणि सुचेता दाराशी पोचली की हमखास काहीतरी दुखायला लागतं. जानेवारीत सुचेता एकदाच खाजणात गेली. नवा पट्टा खांद्यावरून एकदाही घसरला नाही. पण त्या चराशी ती थांबली. पुढे पाऊल पडेना. नेव्हिल पार गेला नाही, तिच्या शेजारी उभा राहिला. बदकं लांबून, पलीकडच्या पाण्यावरून गेली. दोघांनी एकही बार टाकला नाही.

साडेचारला तिचा फोन वाजला. बाबा होते. ती परत फिरली.