काट्याच्या कॉम्प्युटरची सुट्टी

दिंद्रुडजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्याला जोडलेला एक जुनाट कॉम्प्युटर आहे. त्याची देखभाल माझ्याकडे. देखभाल म्हणजे काय, तर त्याला हात न लावणे. काट्याचा प्रोग्राम दुसऱ्या कुठल्याही मशीनवर चालत नाही, आणि ज्याने तो लिहिला तो महाशय सध्या प्लॉट विकतात. अडचण सांगायला फोन केला की मलाच प्लॉट दाखवतात. मालकांचं म्हणणं एकच, "चालतंय नव्हं? मग कावून बदलायचं?"

तेव्हा तो कॉम्प्युटर वर्षानुवर्षं बंदच केलेला नव्हता. एकदा निजला तर उठेल, याची मला खात्री नव्हती. मी मात्र मनातल्या मनात त्याच्या मरणावर टपलेलो होतो. तो गेला की नवा काटा येईल आणि मी एकदाचा सुटेन.

यंदा खंडेनवमीला मालकांच्या आईंनी जिनिंगमधली सगळी हत्यारं पुजली. पूजेच्या दिवशी हत्यारानं राबायचं नसतं, म्हणून कॉम्प्युटरचाही स्विच बंद केला. हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचा हार नेमका पंख्याच्या जाळीवर घातला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बटण दाबलं, तर पडदा काळा तो काळाच.

फोन आला तेव्हा, खरं सांगतो, मला आनंद झाला. "मालक, हे संपलं, आता नवाच घ्या," हे वाक्य वाटेत घोकून ठेवलं, चेहराही त्याला शोभेल असा केला. पण फाटकाबाहेर कापसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली आणि वर आभाळ भरून आलेलं. एका ट्रॉलीवर ताडपत्रीचं टोक धरून बसलेल्या बाईंनी विचारलं, "सायेब, हुईल का चालू? पयलीच येचणी हाय, भिजली तर लई वाटोळं हुईल."

घोकलेलं वाक्य फाटकाबाहेरच टाकलं. स्वतःचा रागच आला.

आत जाऊन कुंकू झटकलं. हार्ड डिस्क अडकली होती, फिरतच नव्हती. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं तिला दोन टपल्या दिल्या. ही माझी उच्च तांत्रिक कामगिरी. घरघर करत ती फिरली, पडदा उजळला आणि पहिली ट्रॉली काट्यावर चढली.

आई समाधानानं म्हणाल्या, "बगा, दोन दिस इसावा दिला तर कसं ताजं झालं! तुमीबी घेत जावा की, बाबा."

मी तोंड उघडायच्या आत मालक हसत म्हणाले, "त्यांला कुठला इसावा, आई? ते बंद पडले तर दुसरं हाय कोण?"