पाहुणे येणार म्हणून पोतलेली भिंत

आज माझ्यामुळे एक चित्र गेलं. कुणाला तरी सांगायलाच हवं.

पन्नासच्या दशकात देशोदेशीचे चित्रकार चंद्रपूरच्या आमच्या खाणीजवळच्या चाळीत राहिले होते. खोल्यांच्या भिंतींवर त्यांनी कामगारांची चित्रं काढली. त्या वसाहतीचा इतिहास मी लिहिते आहे. शेवटचं चित्र शेवंताआजींच्या घरात उरलं होतं. कोळशाची टोपली डोक्यावर घेतलेली त्यांची तरुण आई.

परवा मी आजींना म्हटलं, "रविवारी नागपूरहून लोक तुमची भिंत पाहायला येणार आहेत."

आज गेले तर भिंत पांढरीशुभ्र. चुना अजून ओला होता.

"पाव्हणे येऊन राह्यले ना, मंग पोतली," आजी हसल्या. "अशी काळी भिंत दाखवाव का लोकायले?"

"आजी, ते चित्रच पाहायला येत होते."

त्या खालीच बसल्या. "मायचा दुसरा फोटो नाई वं माझ्यापाशी."

त्या चित्राचा फोटो माझ्याकडेही नाही. चांगल्या कॅमेऱ्याची वाट पाहत होते.

घरातली पहिली पदवीधर मी. पाहुणे येणार म्हटलं की माझी आईही भिंत पोतते, हे मी कशी विसरले?

चाळीत राहिलेल्या, येऊन गेलेल्या तुमच्यापैकी कुणी कधी त्या भिंतीचा फोटो काढला होता का? इतिहासासाठी नको, आजींना हवाय.