तालुकदारसाहेबांचे सात फोटो

माझ्या सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, आणि ती मी त्यांना दिली. त्यानंतर त्यांनी कधी काही मागितलं नाही.

निजामी अमलातली गोष्ट. माझी सासुरवाडी दिंद्रुडची. सासरे आबासाहेब म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. जमीन दांडगी, मिशी त्याहून दांडगी. पण त्यांचे चुलतभाऊ तात्याराव चावडीवर बसून रोज एकच टुमणं लावत, "आबा तालुकदाराच्या वळखीच्या लई गप्पा हाणतो. तालुकदार त्याला वळखत बी न्हाई!"

तालुकदार म्हणजे आमच्या मुलखातला कलेक्टर. हे साहेब दौऱ्यावर दिंद्रुडला येणार आणि आबासाहेबांच्या शामियान्यात चहा घेणार असं नक्की झालं, तेव्हा आबासाहेबांना एकच ध्यास लागला. साहेबांच्या शेजारी उभं राहून फोटो काढायचा, बैठकीत टांगायचा, आणि तात्यारावांना बरोबर त्याच्याखाली बसवून पान द्यायचं!

बीडचे मुस्तफाभाई फोटोवाले आधीच ठरले होते. त्यांचा कॅमेरा म्हणजे कोंबड्यांचं खुराडं. तीन पायांचा घोडा, काचांच्या पेट्या, काळा बुरखा, आणि दुरून फोटो काढायचं एक पितळी भिंग. ते एवढं लांब आणि जड, की मुस्तफाभाई त्याला कडेवर घेऊन चालत. सगळा संसार एका बैलगाडीत मावत नसे.

मी नुकताच हैदराबादेहून घडीचा कॅमेरा आणला होता. मिटला की कोटाच्या खिशात! आणि ज्याच्या खिशात कॅमेरा असतो त्याच्या तोंडात गप्प बसायची ताकद नसते.

"आबासाहेब, कशाला तो तोफखाना? माझा कॅमेरा बघा. तंबाखूच्या डबीपेक्षा थोडा मोठा."

आबासाहेबांनी तो तळहातावर झुलवला. "जावईबापू, ह्याच्यात तालुकदार मावतील का?"

"अख्खं दिंद्रुड मावेल!"

मुस्तफाभाईंना निरोप द्यायला मी स्वतः गेलो. (दुसऱ्याचं काम काढून घेतल्याचं त्याच्या तोंडावर सांगण्यात एक वेगळीच गोडी असते.) ते शांतपणे म्हणाले, "बडे लोगों का फोटू दूर से लेना, जावईबापू. पास गये तो वो लोगां तकल्लुफ करते." म्हणजे जवळ गेलं की मोठी माणसं शिष्टाचार पाळत बसतात. मी हसलो. माणूस धंदा गेल्यावर असंच बोलणार!

बायकोने तेवढं विचारलं, "अहो, आधी एकदा म्हशीचा तरी काढून बघा की."

"म्हशीचा? हा कॅमेरा म्हशींसाठी नाही!"

दिवस उजाडला. लख्ख ऊन. शामियान्यापुढे तालुकदारसाहेब उभे राहिले. शेरवानी, लाल रूमी टोपी, जुन्या हैदराबादी घराण्यातला अदबशीर माणूस. शेजारी पगडी बांधलेले आबासाहेब. मागे पेशकार, पाटील, पटवारी आणि पंचवीसएक प्रतिष्ठित. मी दहा पावलांवर.

आता हा कॅमेरा कसा चालतो ते सांगतो, म्हणजे माझी चूक नव्हती हे तुमच्या ध्यानात येईल. तो डोळ्याला लावायचा नसतो. डाव्या हाताने पोटाशी धरायचा. वरच्या अंगाला नखाएवढी काच असते, तिच्यात वाकून बघायचं. उन्हात ती काच चमकते, म्हणून उजवा हात कपाळाशी आडवा नेऊन सावली करायची. मग डाव्या अंगठ्याने खटका.

मी वाकलो. हात कपाळाशी नेला. काचेत मुगाच्या दाण्याएवढी माणसं दिसली. ती एकदम हलली. खटका!

मान वर केली. सगळे ताठ.

आपलाच हात हलला असेल. किल्ली फिरवली, पुन्हा वाकलो, हात कपाळाशी. मुगाचे दाणे पुन्हा हलले. खटका! मान वर. सगळे ताठ. फक्त पटवारी जरा धापा टाकत होता.

तिसरा. चौथा. पाचव्याला मी नीट दिसावं म्हणून पार कमरेत वाकलो. मागच्या रांगेतून कुणाचा तरी गुडघा मोडल्याचा आवाज आला. सहाव्यानंतर वर पाहिलं तर आबासाहेबांची पगडी डाव्या कानावर आलेली, पाटील कंबर धरून उभे, आणि चहावर साय धरलेली.

तालुकदारसाहेब एक पाऊल पुढे आले. फार मायेने म्हणाले, "बर्खुरदार, कोई अर्ज है?"

साहेब इतकं आपुलकीने विचारतायत तर सांगूनच टाकावं!

"जी हुजूर," मी म्हणालो, "जरा सीधे खडे रहिये."

शामियान्यात कुणाच्या तरी हातातली बशी खाली पडली. आबासाहेबांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल, मग मला तरी ठाऊक नसलेल्या एका रंगाचा. जिल्ह्याच्या हाकिमाला सरळ उभं राहायला सांगितलं! तेही जावयाने! तेही चहा पाजायच्या आत!

साहेब मात्र मंद हसले. "पहले आप सीधे होइये."

मला वाटलं, कॅमेरा तिरका धरलाय असं म्हणतायत. मी कॅमेरा सरळ केला, वाकलो, आणि हात कपाळाशी नेला. सातवा!

साहेब चहा न घेताच निघाले. आठवा फोटो मी घाईत काढला, त्यात त्यांच्या गाडीची धूळ आहे.

फिल्म धुवायला मुस्तफाभाईंकडेच जावं लागलं. (बीडमध्ये दुसरं होतं कोण?) त्यांनी ओले कागद माझ्यापुढे दोरीवर टांगले. सातही फोटोंत एकालाही तोंड नव्हतं! नुसत्या टोप्या, पगड्या, पटके आणि शेंड्या.

"अहो, हे सगळे वाकले कावून?" मी ओरडलो. संतापलो की मी सासुरवाडीची भाषा बोलतो.

मुस्तफाभाईंनी माझा कॅमेरा पोटाशी धरला, मान लववली, उजवा हात कपाळाशी नेला.

आणि माझा हात आपोआप कपाळाला गेला! कमरेतून वाकून मी त्यांना सलाम घातला!

खाली वाकल्यावाकल्याच मला सगळं उमगलं. मी सात वेळा सलाम केला होता. साहेबांनी हैदराबादी रिवाजाने सात वेळा परत केला होता. आणि हाकीम वाकल्यावर मागचा कोण ताठ राहतो? जो तो साहेबांपेक्षा चार बोटं जास्तच खाली!

आबासाहेबांपुढे फोटो ठेवले आणि झाला प्रकार सांगितला. त्यांनी सातातला एक उचलून उजेडात धरला आणि म्हणाले, "टोपी तर साहेबांचीच हाय. शेजारची पगडी माझी. टांगा."

टांगला. तात्यारावांना मुद्दाम बोलावलं, बरोबर खाली बसवलं, पान दिलं. तात्यारावांनी चष्मा चढवला, उठून फोटोला नाक लावलं.

"टोपी तालुकदाराची, मान्य," ते म्हणाले. "पगडी तुजी, ते बी मान्य."

आबासाहेबांची मिशी थरथरली. कितीतरी वर्षांचं समाधान त्या मिशीत उतरू लागलं.

"पर आबा, हाकीम वाकलाय, तू वाकलास, सारं गाव वाकलंय. समोर हाय तरी कोन?"

आबासाहेबांना काहीही सांगता आलं असतं. देव सांगता आला असता, खुद्द निजामसरकार सांगता आले असते. पण माणूस खोटं न बोलणारा. त्यांनी मान खाली घातली आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"हे."

"जावई?"

तात्यारावांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मी त्या वेळी ताटलीतला शेवटचा चिवडा बोटाने पुसून खात होतो. त्यांनी चष्मा काढला, शांतपणे घडी करून खिशात ठेवला, आणि पायताणात पाय घालता घालता म्हणाले,

"मंग फोटू खोटा हाय."