वाजलं तर आपलं

नवी वस्तू दाखवली की लोक किंमत विचारतात. शेजारचे काका विचारायचे, "मालकी कुणाची?" माझ्या भावाच्या हप्त्यांवरच्या बाइकलाही त्यांनी हाच प्रश्न केला. तो चिडला, पण डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांचं नाव तेव्हापासून मालकीकाका पडलं.

हा प्रश्न त्यांना ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गेटनं शिकवला होता. एका सकाळी कामगार पोचले तर कारखान्याला कुलूप. आदल्या दिवशी विसरलेला काकांचा जेवणाचा डबा आतच. "डबा माझा, उरलेली भाजीसुद्धा माझी. पण गेट त्यांचं!" डबा परत मिळालाच नाही. पुढच्या लढ्याची पत्रकं माझे बाबा लिहीत, काका वाटत आणि उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे गिरवत असे.

दोन-तीन वर्षांपूर्वी मुलानं त्यांना स्मार्टफोन दिला. गाण्यांचं अॅप टाकून, पैसे भरून. "बाबा, यात जगातली सगळी गाणी आहेत." काका फोन घेऊन माझ्याकडे आले. "हा पैसे भरायचा थांबला की गाणं बंद. म्हणजे पुन्हा गेटच ना गं? माझ्या कॅसेटा घाल यात."

कॅसेट वायरनं लॅपटॉपला जोडायची आणि ती संपेपर्यंत बसून राहायचं. त्यात घाई चालत नाही. ऑफिसातून आलेली मी खुर्चीतच पेंगायची. काका म्हणायचे, "झोप तू. मी पहाऱ्याला आहे." प्रत्येक गाणं फोनवर गेलं की त्यांची एक परीक्षा असे. "ते विमानाचं बटण दाब. नेट बंद कर. आता वाजलं तर आपलं."

त्यात मोर्चाचं एक गाणं होतं. ती कॅसेट मागे कधीतरी तुटली होती आणि काकूंनी चिकटपट्टीनं जोडली होती. जोडावर गाणं किंचित उडी मारायचं: "उठा रे, अजून चालू!" अख्खी युनियन त्याच कॅसेटवरून गाणं शिकली, त्यामुळे सगळे तसंच म्हणत. मीही.

मग काकू गेल्या, काकांचे गुडघे गेले आणि मुलानं त्यांना बाळकुमला नेलं. तिथल्या टॉवरच्या गेटवर माझा फोटो काढून मगच आत सोडत. मी भेटायला गेले होते तेव्हा नातीनं आजोबांना खूश करायला अॅपवर तेच गाणं लावलं. स्वच्छ, खरखर नसलेलं. "उठा रे, अजून थोडं चालू..."

काका ताठ बसले. "थांब. यांनी शब्द घुसडलाय!"

"आजोबा, ओरिजिनल आहे ते."

पुन्हा लावायला सांगितलं. ऐकलं. बराच वेळ गुडघे चोळत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे थोडंच चालायचं होतं होय? आणि आम्ही बावळटासारखे..." हसता हसता त्यांना खोकला आला.

"काका, तुमच्या फोनमध्ये हेच घालू का?"

"छे. आपलं आहे तेच राहू दे." मग माझ्याकडे नीट पाहिलं. "तू फार दमलेली दिसतेस गं. तू म्हण 'थोडं'. तुला परवानगी."

यंदा ते गेले. ठाण्याला एका छोट्या हॉलमध्ये स्मरणसभा होती. मी ऑफिसातूनच गेले. त्या आठवड्यात आमच्यातल्या कित्येकांची ओळखपत्रं गेटवर चालेनाशी झाली होती. मशीन लाल दिवा दाखवायचं, बस. कुलूपसुद्धा नाही. माझं अजून चालत होतं. रोज संध्याकाळी, काढलेल्यांच्या बाजूनं मेलवर तरी चार शब्द लिहावेत म्हणून बसत होते आणि एक ओळही होत नव्हती.

सभेच्या शेवटी काकांचे जुने साथी प्लास्टिकच्या खुर्च्यांवरून कसेबसे उठले आणि त्यांनी ते गाणं धरलं. मला परवानगी होती. मी "थोडं" म्हणाले.

पुढच्या रांगेतले एक आजोबा काठीवर भार देत वळले. "चुकलीस पोरी. 'अजून चालू' आहे ते."

पुढच्या कडव्याला मी "थोडं" गाळलं.